लेखणी कोठे टेकावी?

जाम नदीकाठच्या आमच्या सावरगावातील घराचे जुने कागद मी निवृत्तीनंतर संगणकावर उतरवीत आहे. रोज फाईल उघडावी तो कर्सर पहिल्या ओळीवर, मूळ पुरुषाच्या नावापाशी उभा. काम मात्र शेवटच्या पानावर थांबलेले. एकदा न पाहताच लिहू लागलो आणि नातवाच्या जन्माची नोंद थेट मूळ पुरुषाच्या डोक्यावर जाऊन बसली! दोष माझाच, पण उघडलेल्या मजकुरात लेखणी कोठे टेकावी, हे ठरविले तरी कोणी, असा प्रश्न पडला.

केन थॉम्पसन यांनी १९६९ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘एड’ हा मजकूर-संपादक रचला. तो चाले टेलिटाइपवर; जे दिसायचे ते कागदावर छापून. फाईल उघडताच ‘एड’ शेवटच्या ओळीवर जाई. १९७६ च्या सुमारास बर्कली येथे बिल जॉय यांनी पडद्यासाठी केलेला ‘व्हीआय’ मात्र पहिल्या ओळीवर उभा राहिला. एकात भर घालणाऱ्याची सोय, दुसऱ्यात वाचणाऱ्याची, असे मला वाटते. ब्राम मूलेनार यांचा ‘व्हिम’ (१९९१) पुढे मागची जागाही लक्षात ठेवू लागला; ती खूण तो मूळ फाईलीत नव्हे, निराळ्या टिपणात ठेवतो. वर्डमध्ये फाईल उघडून शिफ्ट व एफ५ दाबले की मागचे काम सोडले तेथे जाता येते. हे मला फार उशिरा कळले.

कचेरीतली माझी सवय ‘एड’चीच. नस्ती आली की आधी शेवटची टिप्पणी पाहावयाची आणि तिच्याखाली आपली लिहावयाची. त्याहून जुन्या दप्तरांत तर शेवटाची काळजी फार मोठी. मोडी लिहिणारा आधी ओळभर रेघ ओढी व मग तिच्याखाली अक्षरे काढी. पण मजकूर संपला की मोर्तब होई. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा दिसते ती त्यासाठीच. तिच्याखाली कोणी शब्द घुसडू नये.

आमच्या घरच्या कागदांवर असे मोर्तब नाही. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, आपण मध्यप्रदेशातच राहिलो. पुढच्या पिढ्यांच्या शाळा हिंदीच्या झाल्या. कागदांतली शेवटची मराठी नोंद थोरल्या काकांच्या हातची आहे आणि तिच्याखाली अर्धे पान कोरे आहे. नातवाची नोंद मी आता तेथे हलविली आहे. ती मराठीतच आहे. त्याला वाचता यावी म्हणून सध्या रोज संध्याकाळी अर्धा तास आम्ही दोघे बाराखडी गिरवितो.