पातळ पत्रा आणि रिकामी जागा

सॉफ्टवेअरमध्ये काही फुटलं की आम्ही आणखी एक चेक टाकतो. भिंत जाड केली की आपण सुरक्षित, असं मलाही वाटायचं. जिओत्तो यानाबद्दल वाचल्यावर ते डोक्यातून गेलं.

१९८६ च्या मार्चमध्ये युरोपचं हे यान हॅलेच्या धूमकेतूजवळून जाणार होतं. धूमकेतूच्या तुलनेत त्याचा वेग होता सेकंदाला ६८ किलोमीटर. या वेगाने ०.१ ग्रॅमचा कण आदळला, तर त्यातली ऊर्जा ताशी ७५ किलोमीटरने धावणाऱ्या एक टन वजनाच्या गाडीएवढी भरते. तो अडवायला ॲल्युमिनियमची किमान ८ सेंटीमीटर जाड ढाल लागली असती. तिचं वजन ६०० किलोंच्या वर आणि अख्खं यान ९६० किलोंचं!

उत्तर चाळीस वर्षं जुनं होतं. स्पुटनिक उडण्याच्या दहा वर्षं आधीच, १९४७ साली, अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ फ्रेड व्हिपल यांनी सुचवलं होतं की यानापुढे थोडं अंतर ठेवून एक पातळ पत्रा लावा. कण पत्र्यावर आदळतो, तिथेच त्याचा चुरा आणि वाफ होते. मधल्या रिकाम्या जागेत तो ढग पसरतो आणि मागच्या भिंतीवर मार एका जागी बसत नाही.

जिओत्तोवर पुढे १ मिलिमीटरचा पत्रा, मग सुमारे २५ सेंटीमीटर मोकळी जागा आणि मागे केवलारचा थर होता. सर्वांत जवळ पोहोचायला काही सेकंद असताना एक मोठा कण धडकला. यान डगमगलं, संपर्क तुटत राहिला. अर्ध्या तासाने तो पूर्ववत झाला. कॅमेरा कायमचा गेला, पण त्याआधीच धूमकेतूच्या केंद्रकाचे फोटो पृथ्वीवर पोहोचले होते. धूमकेतूच्या पोटात बर्फ आणि धुळीचा घट्ट गोळा असतो, हे १९५० साली मांडणारेही व्हिपलच! त्यांच्याच ढालीआडून त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

आज आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर याच ढालीचे अनेक प्रकार आहेत. साधारण १ सेंटीमीटरपर्यंतचा कण त्या झेलतात. १० सेंटीमीटरहून मोठा तुकडा रडारवर दिसतो, त्याला चुकवता येतं. मधल्या आकाराचे तुकडे ढालीला पेलत नाहीत आणि बहुतेक वेळा दिसतही नाहीत. व्हिपल यांच्यासमोर उल्कांची धूळ होती. हे तुकडे मात्र आपणच वर सोडलेल्या रॉकेट-उपग्रहांचे आहेत. त्यांच्यापुढे जाड भिंत चालत नाही आणि पातळ पत्राही पुरत नाही. नवा कचरा न करणं एवढंच आपल्या हातात उरतं.