पितळ उघडं पाडणारा पावसाळा

आज एक जुनी मर्डर मिस्ट्री. बळी मात्र माणूस नाही, काडतुसाची पितळी पुंगळी आहे.

एकोणिसाव्या शतकातला ब्रिटिश हिंदुस्थान. पावसाळ्यात लष्करी हालचाली थंडावायच्या आणि काडतुसं उघडीप होईपर्यंत तबेल्यांमध्ये ठेवली जायची. पाऊस सरला, पेट्या उघडल्या, तर पुंगळ्यांना तडे! एकही गोळी न झाडता. या प्रकाराला नाव पडलं ‘सीझन क्रॅकिंग’.

आता म्हणाल, एवढ्याशा तड्याने काय होतंय? बरंच काही. गोळी सुटते तेव्हा पुंगळी क्षणभर फुगून बंदुकीच्या आतल्या भिंतीला घट्ट चिकटते आणि तापलेला वायू मागे येऊ देत नाही. तडा असेल तर तोच वायू मागे, म्हणजे शिपायाच्या तोंडाकडे येऊ शकतो.

मग गुन्हेगार कोण? पहिला संशयित कारखाना. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. पितळेची चकती दाबून, ओढून तिची लांब नळी करतात आणि शेवटी गोळी धरण्यासाठी मान आवळतात. हे सगळं थंड धातूवर. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीर भांडं ठोकता ठोकता मध्येच भट्टीत का घालतो? कारण ठोकून धातू कडक होतो. पुंगळीचंही तेच. शिवाय आवळलेल्या मानेत ताण अडकून राहतो. बाहेरून सगळं चकाचक.

पण ताण असूनही सगळीच काडतुसं तडकत नव्हती. म्हणजे साथीदार हवा. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगमध्ये पास, प्रॉडक्शनमध्ये फेल! इथे प्रॉडक्शन म्हणजे तबेला. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. दमट हवेत तो पितळेवर बसतो, त्यातल्या तांब्याशी रासायनिक क्रिया करतो आणि धातूच्या कणांमधल्या सीमारेषा पोखरतो. आतला ताण त्या फटी ओढून उघडतो.

१९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या ब्रिटिश संशोधकांनी हे कोडं शास्त्रीय पद्धतीने उलगडलं. एकटा ताण नाही, एकटा अमोनियाही नाही. दोघं एकत्र आले की घात. म्हणजे कारखानाही दोषी आणि तबेलाही.

आता उपाय. घोड्यांना काही सांगता येत नाही, पण ताण काढता येतो. पुंगळीची मान थोडा वेळ तापवायची. यालाच अ‍ॅनीलिंग म्हणतात. उष्णतेने अणूंना हलायला वाव मिळतो, ताण सुटतो, मान मऊ होते. गंमत म्हणजे बूड मात्र तापू द्यायचं नाही! स्फोटाचा दाब झेलायला ते कडकच हवं. म्हणून एकाच पुंगळीचं एक टोक मऊ, दुसरं कडक.

या उपायाची खूण आजही दिसते. लष्करी काडतुसाच्या मानेजवळ काळपट-निळसर झाक असते. तो मळ नाही, गंजही नाही. तापवल्याची निशाणी आहे ती, आणि बऱ्याचदा मुद्दाम न पुसता ठेवलेली: या पितळेचा ताण काढलाय, पावसाळ्यात दगा देणार नाही.

तर पुढच्या वेळी वॉर फिल्ममध्ये काडतुसांचा पट्टा दिसला, तर पॉज करून मानेकडे बघा. झाक दिसली तर कमेंटमध्ये फिल्मचं नाव टाका. भेटू पुढच्या भागात!