लक्ष्मीबाईंची पंगत



अतिथिसंविभाग व्रत म्हटले की आपल्याला मुनींचा आहार आठवतो. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई, आपल्याच समाजातल्या. त्यांनी या व्रताची पंगत मोठी केली.

१९२४ साली भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. सगळ्या जातींची गरीब मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत. लक्ष्मीबाईंनी ती पोटची मानली. पैसे संपले तसे त्यांचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. १९३० साली त्या वारल्या.

दागिने म्हणजे बाईचा अडीअडचणीचा आधार. तो त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांसाठी मोडला. आहारदान आणि ज्ञानदान एकाच ताटात वाढले.

मी मात्र महिनाअखेर शिल्लक पाहून दान लिहीत असे. आता वहीत ती ओळ आधी लिहिते.