जॉबरचा शब्द आणि बदलीचे कार्ड

कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापलेल्या कंपनीची ताडदेव येथील सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. तिच्यामागून परळ-लालबाग भागात गिरण्यांची दाटी झाली, तरी माणूस कामाला लावणे, त्याला काढणे किंवा त्याने एक गिरणी सोडून दुसरी धरणे हे सारे व्यवहार कित्येक दशके जॉबरच्या तोंडी शब्दावरच चालत राहिले. जॉबर म्हणजे खात्याचा मुकादम. साचे चालू ठेवणे, कामावर लक्ष ठेवणे आणि हात कमी पडले की आपल्या गावचे, नात्यातले वा ओळखीचे लोक आणणे, ही कामे त्याच्याकडे असत. नोकरी मिळवून देण्याबद्दल किंवा टिकवण्याबद्दल तो जे पैसे घेई त्यांना दस्तुरी म्हणत. स्त्रियांच्या खात्यांत हेच अधिकार नाईकिणीकडे असत.

नोकरी सोडणे सोपे नव्हते. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यास हाती पडे, त्यामुळे कामगाराची काही आठवड्यांची कमाई नेहमीच गिरणीत अडकलेली असे आणि महिन्याची सूचना न देता निघून जाणाऱ्याला तिच्यावर पाणी सोडावे लागे. म्हणून पेरणीसाठी कोकणात वा घाटावर जाणारा कामगार राजीनामा न देता, जॉबरच्या संमतीने, आपल्या जागी भावाला किंवा गाववाल्याला ‘बदली’ म्हणून उभा करी आणि परतल्यावर तीच जागा मागे.

जॉबरचीही कोंडी होत असे. १९२८ च्या सुमारे सहा महिने चाललेल्या संपासारख्या प्रसंगी मालकाची बाजू घ्यावी, तर ज्या चाळीतून माणसे मिळायची तिथली पत जाई. कामगारांबरोबर राहावे, तर जॉबरकीच धोक्यात येई.

१९२९ मध्ये नेमलेल्या शाही कामगार आयोगाने भरती जॉबरच्या हातून काढून घेण्याची शिफारस केली. १९३४ च्या कायद्याने कामगार अधिकाऱ्याचे पद आले. १९३५ पासून गिरणीमालक संघाच्या योजनेनुसार दरमहा १ तारखेला निवडक लोकांना बदलीचे कार्ड देण्यात येऊ लागले आणि रोज सकाळी हजर होणाऱ्या या कार्डधारकांतून त्या दिवशीच्या खाड्यांच्या, म्हणजे गैरहजर कामगारांच्या, जागा भरल्या जाऊ लागल्या. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगाराची मुदत ठरवली, तर १९३८ च्या मुंबई औद्योगिक तंटे कायद्याने रजा, सूचना व बडतर्फी यांचे स्थायी आदेश, म्हणजे लेखी सेवानियम, मालकांवर बंधनकारक केले.

या नियमांनी जॉबरची मनमानी कमी झाली, परंतु कार्ड हे रोज दारात उभे राहण्यापुरतेच होते, रोज काम मिळेलच याची हमी त्यात नव्हती. लेखी नियमांमुळे कायम कामगाराला नोकरी टिकवण्यासाठी वा सोडण्यासाठी कोणाची मर्जी सांभाळण्याची गरज पूर्वीइतकी उरली नाही. बदली कामगार मात्र वर्षानुवर्षे बदलीच राहिला, आणि म्हणूनच १९८२ च्या संपातील मागण्यांत बदली कामगारांना कायम करण्याची मागणीही होती.