शिकाऱ्याचे उसूल

उर्दू डायजेस्टमधल्या शिकारकथा आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील. त्यातला शिकारी ठरलेला असतो. कमी बोलणारा, न डगमगणारा, उसूलांचा पक्का. पिल्लांसोबतच्या मादीवर तो गोळी झाडत नाही, जखमी वाघाला तडफडत सोडून परतत नाही. उसूल चांगलेच आहेत. पण जीव कसा घ्यावा एवढेच ते सांगतात. का घ्यावा, हे विचारत नाहीत. आणि मारले तरी मर्दानगी त्याचीच, सोडले तरी त्याचीच!

सलीम अलींची सुरुवात याच मर्दानगीपासून झाली. जन्म १८९६ चा. आईवडील लहानपणीच गेले. मुंबईत खेतवाडीला मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांच्या घरी ते वाढले. मामा शिकारी. भाच्याच्या हाती छर्‍यांची बंदूक आली. १९०६-०७ च्या सुमारास त्याने घरट्यावर पहारा देणारा चिमणा टिपला. मादीने दुसरा नर आणला, तोही टिपला. सात दिवसांत आठ नर! त्याने हे टिपून ठेवले, तेही आपला पराक्रम म्हणून. पुढे आत्मचरित्रात त्यांनी ते स्वतःच कबूल केले आहे.

मग एक चिमणी पडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही खाणे मुसलमानाला चालते का, असे त्याने मामांना विचारले. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवले. हलाल-हरामच्या प्रश्नातून मुलगा पक्षिशास्त्राच्या दारात पोहोचला, हे मला फार मोलाचे वाटते. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे निशाण करू नये, अशी हदीसही आहेच.

बंदूक मात्र त्यांनी सोडली नाही. अभ्यासासाठी पुढेही असंख्य पक्षी मारले. त्यांना संत ठरवण्याची घाई आपण करू नये. पण मारलेल्यांची संख्या ही आता बढाई राहिली नव्हती.

१९३० मध्ये नोकरी नसताना ते अलिबागजवळ किहीमला सुगरणींची घरटी पाहत महिनोन्महिने बसले. सुगरण हे नाव बाईचे, पण घरटे विणतो नर. अर्धवट घरटे मादी तपासते. पसंत पडले तरच राहते. ती राहिली की हा दुसरे विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. वर्गात हे सांगितले की मुलगे खो खो हसतात, विशेषतः नापसंतीच्या भागाला. कर्नाळ्याच्या सहलीला निघताना त्यांच्याच दप्तरांतून मला गलोली काढून घ्याव्या लागतात.