पॅप टेस्टमागचे डोळे: सायटोटेक्नॉलॉजिस्ट कसे घडले?

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलण्यातले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत.

पॅप टेस्ट हे नाव आपण ऐकलेलं असतं. गर्भाशयमुखाच्या पेशी काचेच्या स्लाइडवर घ्यायच्या, रंगवायच्या आणि कॅन्सरच्या आधीचे बदल दिसतात का ते बघायचं. पण बघतं कोण? अमेरिकेत ते काम सायटोटेक्नॉलॉजिस्ट करतात. संशयास्पद काही दिसलं की त्यावर शाईचा ठिपका देऊन स्लाइड पॅथॉलॉजिस्टकडे जाते. काहीच दिसलं नाही, तर बहुतेक वेळा ‘निगेटिव्ह’ हा शेवटचा निर्णय त्यांचाच. म्हणजे त्यांच्या नजरेतून सुटलं ते सुटलंच! अशी नजर घडवायला काय काय करावं लागलं, त्याची ही गोष्ट.

सुरुवात जॉर्ज पापानिकोलाउ यांच्यापासून. 1883 साली ग्रीसमध्ये जन्म, 1913 मध्ये बायकोसोबत न्यूयॉर्कला. पोटासाठी सुरुवातीला त्यांनी एका मोठ्या दुकानात गालिचे विकले. मग कॉर्नेल मेडिकल कॉलेजात गिनीपिगवर संशोधन, आणि त्यातून माणसाच्या पेशींकडे. बायको मेरी त्यांची लॅब टेक्निशियन होती आणि वर्षानुवर्षं स्वतःचे नमुनेही देत होती. स्लाइडवर कॅन्सरच्या पेशी ओळखता येतात हे पापानिकोलाउंनी 1928 मध्ये मांडलं. त्याच सुमारास रोमानियात ऑरेल बाबेश हेही स्वतंत्रपणे तिथवर पोचले होते. पण डॉक्टरांनी फारसं मनावर घेतलं नाही. हर्बर्ट ट्राउट यांच्यासोबतचा महत्त्वाचा पेपर आला तो 1941 मध्ये, आणि पुस्तक 1943 मध्ये.

त्या पुस्तकातली पेशींची चित्रं हाशिमे मुरायामा या जपानी वंशाच्या चित्रकाराने काढली होती. पेशी ओळखायला शिकवायचं तर आधी त्या दाखवायला हव्यात ना! केंद्रक किती मोठं, किती गडद, कडा कशी... हे नुसतं वर्णन वाचून डोळ्यात बसत नाही.

आता खरी अडचण. एका स्लाइडवर हजारो पेशी, आणि त्यात वाईट असतील तर कधी मोजक्याच. लाखो बायकांची तपासणी करायची तर तेवढ्या स्लाइड्स बघायला डॉक्टर आणायचे कुठून? म्हणून डॉक्टर नसलेल्यांना शिकवायचं ठरलं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस पापानिकोलाउ स्वतः कॉर्नेलमध्ये कोर्स घेत होते. बॉस्टनमध्ये रुथ ग्रॅहॅम हे काम करत आणि शिकवत होत्या. या नव्या पेशात बायकांची संख्या मोठी होती. 1957 मध्ये अमेरिकेत सायटोटेक्नॉलॉजिस्टची पहिली प्रमाणपत्र परीक्षा झाली. सुरुवातीला थोडं कॉलेज आणि मग लॅबमधलं प्रशिक्षण, एवढ्यावर भागायचं. पुढे पदवी लागायला लागली.

माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला पडणारा प्रश्न तेव्हाच्या इंजिनिअरांनाही पडला होता: हे मशीन का नाही करत? पन्नासच्या दशकात ‘सायटोअ‍ॅनालायझर’ नावाचं यंत्र बनवलं गेलं. केंद्रकाचा आकार आणि गडदपणा मोजून ते निवाडा करायचं. पण एकावर एक चढलेल्या पेशी, कचरा, सूज, सगळ्यालाच ते कॅन्सर समजायचं. खोटे इशारे इतके, की प्रकल्प गुंडाळावा लागला. 1995 मध्ये ‘पॅपनेट’ आलं, तेही न्यूरल नेटवर्क वापरून. त्याला मंजुरी मिळाली ती निगेटिव्ह ठरलेल्या स्लाइड्स पुन्हा तपासण्यापुरती. चारच वर्षांत त्यामागची कंपनी दिवाळखोरीत गेली.

मधल्या काळात अमेरिकेत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू खूप खाली आले होते. पण 1987 मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये वॉल्ट बोगडॅनिच यांनी लिहिलं, की काही लॅबमध्ये स्लाइडमागे पैसे दिले जातात आणि लोक न झेपणाऱ्या संख्येने स्लाइड्स बघतात. कॅन्सर सुटत होते. या लेखनाला पुलित्झर मिळालं, आणि 1988 मध्ये कायदा आला. दिवसाला जास्तीत जास्त 100 स्लाइड्स, त्याही आठ तासांपेक्षा कमी वेळात नाहीत. आणि निगेटिव्हपैकी किमान 10 टक्के पुन्हा तपासायच्या. हिशोब करा: 480 मिनिटांत 100, म्हणजे एका स्लाइडला पाच मिनिटंही नाहीत. आणि ही वरची मर्यादा आहे, टार्गेट नव्हे! थकलेला डोळा चुकतो, हे सरकारला कायद्यात लिहावं लागलं.

आता आपल्याकडे येऊ. 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक मोठा अभ्यास सुरू झाला. शेजारच्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 गट. काहींची एकदा एचपीव्ही टेस्ट, काहींची पॅप, काहींची व्हिनेगर लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, काहींना नेहमीचीच सेवा. 2009 मध्ये निकाल छापून आला. एचपीव्ही गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे. पॅप गटातली घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याएवढी नव्हती.

मग पॅप टेस्ट फसवी का? तसं नाही. तिची ताकद दर काही वर्षांनी पुन्हा करण्यात आहे. एकदा सुटलेलं पुढच्या वेळी सापडतं. पण त्यासाठी तयार डोळे वर्षानुवर्षं जागेवर लागतात. जिथे बाईची तपासणी आयुष्यात एकदाच होणार, तिथे व्हायरस शोधणारी टेस्ट जास्त कामाची.

त्यामुळे जगभर वारं एचपीव्हीकडे फिरलं. इंग्लंडने 2019 च्या अखेरीपर्यंत आधी एचपीव्ही टेस्ट आणि पॉझिटिव्ह आलं तरच पेशी बघायच्या, अशी पद्धत लावली. सगळं काम आठ लॅबमध्ये आलं. 2003 पासून अमेरिकेत असं मशीनही आहे, जे स्लाइडवरच्या 22 जागा निवडून देतं. त्या बघायच्या मात्र माणसानेच.

गंमत अशी, की काम कमी होतंय आणि शिक्षण वाढतंय. अमेरिकेत हे प्रशिक्षण आता मास्टर्सकडे सरकतंय. कारण साधं आहे. सोप्या, स्वच्छ स्लाइड्स आधीच गाळल्या गेल्या, तर समोर उरतात त्या अवघड. शिवाय थायरॉइड, फुप्फुस, लिम्फ नोड यांमधून सुईने काढलेले नमुने. सुई आत असतानाच शेजारी मायक्रोस्कोप लावून पुरेशा पेशी आल्यात का ते सांगायचं, आणि जनुकीय चाचणीसाठी नमुना राखायचा. हे काही महिन्यांच्या ट्रेनिंगवर निभणारं नाही.

एआय आलं की हे लोक घरी बसणार, असं कुणी म्हणालं, तर त्यांना सायटोअ‍ॅनालायझरची गोष्ट सांगा. जवळपास सत्तर वर्षांत मशीनने सोपं काम उचललं. अवघड निर्णय माणसाकडेच राहिला, आणि म्हणून त्या माणसाला जास्त शिकावं लागलं.

तुमच्या ओळखीत कुणी सायटोलॉजी लॅबमध्ये काम करत असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. त्यांचा अनुभव ऐकायला आवडेल. भेटूया पुढच्या भागात!