मॅडोनाचे ‘व्होग’ : एक नृत्यगीत आणि त्याचा हिशेब

‘व्होग’ हे अमेरिकन गायिका मॅडोना हिचे नृत्यगीत मार्च १९९० मध्ये ‘सिंगल’ म्हणून बाजारात आले. शब्द आणि संगीत मॅडोना व शेप पेटिबोन या दोघांचे. त्या वेळी मॅडोना ३१ वर्षांची होती आणि जगभर प्रसिद्ध होती. एप्रिलमध्ये हे गाणे इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचून चार आठवडे तिथेच राहिले. अमेरिकेत १९ मे रोजी पहिल्या क्रमांकावर गेले आणि तीन आठवडे टिकले.

आपल्याकडे गाणे चित्रपटाबरोबर येते, त्यामुळे ‘सिंगल’ म्हणजे काय हे थोडे सांगायला हवे. एकच गाणे वेगळी तबकडी काढून विकायचे, ते गाजले की मागोमाग पूर्ण अल्बम खपतो, असा हा व्यवहार. तबकडीच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे ‘बी साइड’ला, बहुधा भरतीचे गाणे असे. नाचाच्या क्लबांसाठी १२ इंची तबकडी निघू लागली. मोठ्या तबकडीवर खोबणी ऐसपैस कोरता येते, त्यामुळे आवाज आणि खर्ज दोन्ही दणदणीत मिळतात आणि गाणेही लांबवता येते. दुकानात विकली गेलेली पहिली १२ इंची सिंगल १९७६ ची, सालसोल या न्यूयॉर्कच्या कंपनीची. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे, लक्षात असू द्या.

गंमत म्हणजे ‘व्होग’ हे मुळात भरतीचेच गाणे होते. ‘कीप इट टुगेदर’ या मॅडोनाच्या गाण्याच्या मागच्या बाजूला काहीतरी नवे हवे म्हणून वॉर्नर कंपनीने पेटिबोनकडे मागणी केली. खर्चाची मर्यादा होती पाच हजार डॉलर. पेटिबोन हा क्लबमधला डीजे आणि रीमिक्सकार. त्याने जुन्या डिस्कोच्या वळणाचा ताल आणि पियानो रचून पाठवला. मॅडोनाने न्यूयॉर्कमधल्या एका तळघरातल्या स्टुडिओत येऊन आवाज दिला. गाण्यासाठीची खोली म्हणजे तिथले कपाट रिकामे करून केलेली जागा. तयार गाणे ऐकल्यावर कंपनीच्या लोकांनी ठरवले की हे मागच्या बाजूला वाया घालवायचे नाही. नोकरीत असताना मंजुरीचे असंख्य प्रस्ताव पाहिले, पण पाच हजारांवर एवढा परतावा पाहण्याचा योग आला नाही! मे महिन्यात हे गाणे ‘आय’म ब्रेथलेस’ या अल्बममध्ये घेतले गेले. तो अल्बम ‘डिक ट्रेसी’ या चित्रपटाशी जोडलेला होता, पण या गाण्याचा त्या चित्रपटाशी काही संबंध नव्हता.

आता नाचाविषयी. ‘व्होगिंग’ हा प्रकार मॅडोनाने निर्माण केला नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय आणि लॅटिन वंशाचे समलिंगी व ट्रान्सजेंडर लोक ‘बॉल’ नावाच्या स्पर्धा भरवत. घरच्यांनी दार बंद केलेली बरीच मुले त्यात असत. त्यांची ‘हाउस’ नावाची कुटुंबे असत आणि प्रत्येक हाउसची एक ‘आई’ असे. निन्जा, लाबेजा, एक्स्ट्रावागांझा ही त्यांतली गाजलेली हाउस. ‘व्होग’ या १८९२ पासून निघणाऱ्या फॅशन मासिकातल्या रूपवतींसारख्या ऐटी घ्यायच्या, तालावर क्षणभर थबकायचे, हातांनी चेहऱ्याभोवती चौकट करायची, पुन्हा पुढची ऐट. आपल्या भाषेत त्याला ‘अदा’ म्हणता येईल, फक्त इथे तिला कोन आणि धार असते. ज्या मासिकात या मुलांना कधी जागा मिळाली नसती, त्याचेच नाव त्यांनी नाचाला दिले. १९८० च्या दशकात एड्सच्या साथीने याच वस्तीतली माणसे पटापट नेली, हेही ध्यानात घ्यायला हवे.

गाण्यात उतरवण्यातही मॅडोना पहिली नव्हती. माल्कम मॅक्लॅरेनचे ‘डीप इन व्होग’ १९८९ मध्येच आले होते. मॅडोनाने मात्र एक्स्ट्रावागांझा हाउसच्या होजे आणि लुइस या दोन तरुण नर्तकांना बरोबर घेतले. चित्रफितीत ते दिसतात आणि त्याच वर्षीच्या तिच्या जगप्रवासातही ते होते.

चित्रफीत कृष्णधवल, दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, जो पुढे मोठा चित्रपट दिग्दर्शक झाला. तीस-चाळीसच्या दशकांतल्या हॉलीवूडच्या छायाचित्रांचा थाट त्यात हुबेहूब उतरला आहे. एक दृश्य तर हॉर्स्ट या छायाचित्रकाराच्या १९३९ च्या ‘मेनबोशर कॉर्सेट’ या चित्रावर सरळ बेतलेले आहे. त्याला ना विचारले गेले, ना श्रेय दिले गेले, आणि त्याने नाराजी व्यक्त केली. चित्रफितीला एमटीव्हीची दिग्दर्शन, संकलन आणि छायांकनाची पारितोषिके मिळाली. आपल्याकडे एमटीव्ही १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर आला, म्हणून आपल्यापैकी अनेकांच्या घरी हे गाणे वर्षभर उशिराने दिसले.

उसनवारीचा हिशेब कोर्टात गेला तो मात्र वेगळ्याच वस्तूचा. सालसोलच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे हक्क घेतलेल्या कंपनीने २०१२ मध्ये दावा लावला की ‘लव्ह ब्रेक’ या त्यांच्या गाण्यातला ब्रास वाद्यांचा एक ठोका ‘व्होग’मध्ये उचलला आहे. ठोक्याची लांबी ०.२३ सेकंद! त्या जुन्या गाण्यावरही पेटिबोननेच काम केले होते. जून २०१६ मध्ये अपील कोर्टाने दोन विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की सामान्य श्रोत्याला ओळखू येणार नाही इतका हा अंश क्षुल्लक आहे. अमेरिकेतल्या दुसऱ्या एका अपील कोर्टाने २००५ मध्ये ध्वनिमुद्रणाबाबत अशी सूट नाकारली होती, त्यामुळे वकीलवर्गात हा निकाल आजही उद्धृत होतो. मात्र खालच्या कोर्टाने मॅडोनाच्या बाजूला मंजूर केलेला वकीलखर्च अपील कोर्टाने रद्द केला, कारण दावा हरला तरी तो अवाजवी नव्हता.

पाव सेकंदाच्या ठोक्यावर चार वर्षे कज्जा चालू शकला, कारण त्या ठोक्याला कागदोपत्री मालक होता. सुट्या ऐटी आणि हातांची वळणे यांना अमेरिकन कायद्यात कॉपीराइट मिळत नाही. हार्लेमच्या नाचाला त्यामुळे मालकीचा कागदच नव्हता.